घोडीचं नाव गुलबदन

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे. त्यांचं नाव विसरणं कुणाला शक्यच नव्हतं. पार्सिपनीजवळच्या आमच्या विमा कंपनीत गोऱ्या लोकांनी प्रत्येक देशी माणसाचं नाव कापून बारीक केलं होतं, माझंसुद्धा, आणि आम्ही ते निमूट चालवून घेतलं होतं. हे मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, घराण्याचा किताब आणि आडनाव एवढं सगळं घेतल्याशिवाय ओ द्यायचे नाहीत. मॅनेजर बाईने एकदा लाडाने अर्ध्या नावाने हाक मारली. हे स्क्रीनकडे बघत बसून राहिले. तिने परत हाक मारली, तरी हे बसलेलेच. शेवटी खुर्ची फिरवून त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं की हे नाव तीनशे वर्षं अख्खं चालत आलंय, ते न्यू जर्सीत येऊन तुटणार नाही. बिचारीने आठवडाभर घोकून पाठ केलं.

मेनफ्रेमवर कोबॉल या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. पन्नाशी उलटलेली, मिशीची टोकं वर, इस्त्रीचा शर्ट, आणि चालताना हात पाठीमागे बांधलेले. मुलगा टेक्सासला, बायको बहुतेक वेळ त्याच्याकडे. मराठी मंडळातले लोक पाठीमागे त्यांना 'सरकार' म्हणून हसायचे आणि समोर 'काका' म्हणायचे. मीही काकाच म्हणायचे. ते मला 'बाई' म्हणायचे, आणि कायम अहो-जाहो.

त्यांचे नियम होते. सरदार घराण्यातला माणूस रांगेत उभा राहत नाही, हा पहिला. मंडळाच्या जेवणात सगळे ताटल्या धरून रांगेत, आणि हे भिंतीशी उभे. रांग संपली की शांतपणे जायचे. तोवर श्रीखंड संपलेलं असायचं, बटाटेवडे तर कधीच गेलेले. मग हा सरदार पांढरा भात आणि लोणचं खाऊन, स्वयंपाक उत्तम झाला म्हणून सांगत घरी जायचा. हसावं की चिडावं कळत नसे. दुसरा नियम, बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात पाय ठेवायचा नाही. एकदा बोलावलं तरी नाही, दोनदा बोलावलं पाहिजे. शेजारच्याने वाढदिवसाला एकदाच फोन केला म्हणून हे स्वतःच्या बाल्कनीत बसून त्यांच्या घरातली गाणी ऐकत बसले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नाइन-इलेव्हनच्या पुढच्या वर्षी मी त्या ऑफिसात लागले. ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये मी नापास झाले होते आणि नवरा पहाटेच बसने न्यूयॉर्कला जायचा. काका आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायचे, म्हणून रोज त्यांच्या गाडीतून जायचं ठरलं. गाडी म्हणजे जुनी कॅमरी. तिचं नाव गुलबदन. जास्तीचे पैसे भरून नंबरप्लेटवरही तेच नाव घेतलेलं. एक अक्षर बसेना म्हणून गाळावं लागलं होतं, आणि त्याचं त्यांना खरंखुरं दुःख होतं. गुलबदन ही त्यांच्या मूळपुरुषाची घोडी. पाठ करडी, कपाळावर पांढरा टिळा, उजवा मागचा पाय पांढरा. एवढं सगळं त्यांना माहीत होतं.

त्या मूळपुरुषाची अख्खी कारकीर्द मी हायवे २८७ वर ऐकली. थोर घरात जन्म. मिसरूड फुटायच्या आत बाप लढाईत पडला आणि विजापूरच्या दरबाराने बापाची जहागीर आणि घोडदळ पोराच्या नावावर केलं. मग कर्नाटकातल्या स्वाऱ्या. मग एकदा दरबारात बसायची जागा दुसऱ्या ओळीत मिळाली, तेवढ्यावरून रुसून हा थेट मोगलांकडे. मोगलांनी मनसब दिली, पण पगार वेळेवर देईनात आणि वर दक्खनी म्हणून हिणवायचे. मग आपले स्वार घेऊन हा महाराजांच्या चाकरीत आला. तिथे त्याला एका किल्ल्याची किल्लेदारी मिळाली. मला हा माणूस अगदी आमच्यातलाच वाटायचा, दोन कंपन्या सोडून शेवटी बऱ्या ठिकाणी लागलेला. हे मी बोलून दाखवलं, तर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. गोष्ट किल्ल्यापर्यंत आली, मोगलांचा वेढा पडला, दाणागोटा संपत आला, की काका हात पुढे करून रेडिओ लावायचे. ट्रॅफिकचा रिपोर्ट. रस्ता मोकळा असला तरी. नंतर रेडिओ बंद करून पुढे सांगायचे की सरदारांनी अखेरपर्यंत गड लढवला, जबर जखमी झाले, महाराजांनी दोन गावं इनाम दिली, आणि म्हातारपणी स्वतःच्या घरात डोळे मिटले. मी म्हणायचे, काका, मधलं राहिलं. ते म्हणायचे, मधलं काही नाही, लढाईच लढाई.

पुढे एका हिवाळ्यात थंडीने त्या रेडिओचं बटण निघून हातात आलं. तो दिवस मला लख्ख आठवतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या, आणि काका नेमके वेढ्यात अडकलेले. हात रेडिओकडे गेला आणि तसाच परत आला. मी नुसती वाट बघत बसले. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले की खरं सांगायचं तर शेवटच्या लढाईत सरदार शुद्धीवर नव्हते. पोटाला गोळी लागली होती. रात्री मागच्या कड्यावरून दोर लावून त्यांना खाली उतरवलं. ते खालून लांब सुखरूप निघून जाईपर्यंत मोगलांना दरवाज्याशी थोपवून धरायला हवं होतं, ते एका माणसाने धरलं. आधी सरदारांना पाठीवर बांधून त्यानेच खाली आणलं होतं, आणि आणून परत वर गेला. दरवाज्यातच मेला.

मी विचारलं, कोण होता.

"होता एक महार. दरवाज्यावरचा नाईक."

"नाव काय त्याचं?"

"नाव आता... बाई, इतक्या वर्षांनी नाव कुठून राहणार?"

माझ्या अंगाची आग आग झाली. मी नागपूरची, बौद्ध घरातली. काकांना हे माहीत होतं. मंडळात आडनाव ऐकून जो तो 'मूळ गाव कुठलं' असं विचारत टोकरत टोकरत माहिती काढतोच. पण काकांनी 'एक महार' हे शब्द 'एक बैल' म्हणावं तितक्या सहज उच्चारले होते. मी म्हटलं, घोडीचं नाव राहिलं ना? तिच्या पायाचा रंग राहिला, कपाळावरचा टिळा राहिला. अमेरिकेत येऊन गाडीवर लिहिलंत. ज्याने पाठीवर बांधून आणलं त्याचं नाव तेवढं वाहून गेलं होय? तुमचं स्वतःचं नाव कुणी अर्धं घेतलं तर तुम्हाला खपत नाही आणि त्याचं अख्खंच गेलं, त्याचं तुम्हाला काही नाही.

इथे दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण काका आपल्या घराण्याची बाजू मांडायला लागले. म्हणे, आम्ही विसरलो नाही हं. आमच्याकडे दसऱ्याला दरवाज्याचं ताट निघतं. सरदारांनीच घालून दिलेली रीत. घरात कुणी जेवायच्या आधी पहिलं ताट त्या नाइकाच्या वंशजांना. सरदार स्वतः ताट घेऊन त्यांच्या घरी जायचे आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उभे राहायचे. मी म्हटलं, आणि तुमचे आजोबा? आजोबा काही स्वतः जात नसत. गड्याबरोबर पाठवायचे. गडी कुठे ठेवायचा? वस्तीच्या बाहेर, दगडावर. मग हाक मारायचा. आणि तेव्हाही ते पहिलंच ताट असायचं का? यावर काका म्हणाले, पुढे पुढे घरची जेवणं आधी होऊ लागली.

म्हणजे मानाचं ताट आणि त्यात उष्टं. शाब्बास!

कळस तर पुढेच होता. काका सांगत होते की ते लहान असताना एका दसऱ्याला ते ताट परत आलं. धम्मदीक्षेनंतरची गोष्ट. त्या घरातल्या बाईने ताट स्वतः आणून वाड्याच्या पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, आम्हाला नको. आजोबा त्यानंतर कित्येक दिवस धुमसत होते, हे लोक माजले म्हणून. आणि काका, अमेरिकेत राहणारे, कोबॉल लिहिणारे, मला सांगत होते की मान नाकारणं बरं नव्हतं, घराण्याच्या मनाला ते फार लागलं.

मी त्यांना सांगितलं की माझ्या आजीनेही असंच एका घरचं अन्न परत केलं होतं आणि त्या दिवशी आमच्या घरी सगळे उपाशी झोपले होते. ती हे हसत हसत सांगायची. तुमच्या घराण्याच्या मनाला लागलं म्हणता, आमच्या पोटाला लागलं होतं.  दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातल्या एका पंजाबी मुलीच्या गाडीतून जायला लागले, आणि महिन्याभरात रागारागानेच ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाले.

त्याच वर्षी दसरा आला. आमच्या घरी त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना असते. न्यू जर्सीतली आपली माणसं पांढरे कपडे घालून जमतात, खीर होते, मुलं गाणी म्हणतात. मी खीर ढवळत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात काका. न बोलावता. कुर्ता घातलेला, आणि हातात स्टीलचं ताट. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, वर तुपाची वाटी. पुरणपोळी त्यांनी स्वतः केली होती, ते तिच्या आकारावरूनच कळत होतं. म्हणाले, बाई, आज घरात अजून कुणी जेवलेलं नाही. तुम्ही जेवा, मी उभा राहतो.

आता कुणाला हे फार हृद्य वगैरे वाटेल. मला नाही वाटलं. मला संतापच आला. मी कोण होते त्या नाइकाची? तो सह्याद्रीतला, मी नागपूरची. आमचं नातं फक्त एवढंच की या माणसाच्या डोक्यात आम्हा सगळ्यांचा एकच खण होता, आणि एकाचं देणं दुसऱ्याला देऊन तो मोकळा होऊ बघत होता. आणि तेही आजच्या दिवशी. आज कसला दिवस आहे हे त्याच्या गावी तरी होतं का?

"हे ताट माझं नाही," मी म्हणाले. "ज्यांचं आहे त्यांच्याकडे न्या. आणि जायच्या आधी त्याचं नाव विचारा."

त्यांनी मान खाली घातली आणि जिना उतरून गेले. खिडकीतून बघितलं तर गुलबदनमध्ये ताट मांडीवर घेऊन बसले होते. आमची माणसं यायला लागली तरी तसेच. त्यांना वर बोलवावं असं मला एकदा वाटलंही, पण बोलावलं नाही. दोनदा बोलवावं लागलं असतं, आणि तेवढी माझी तयारी नव्हती.

नंतरचं मला त्यांनीच सांगितलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचेतून. त्यांनी गावच्या चुलतभावाकडून त्या घरचा नंबर मागितला. भाऊ म्हणाला, त्यांच्याकडे कुठला फोन. चौकशी केली तर फोन होता, तोही या भावाच्या फोनच्या आधीपासून. काकांनी भारतात बोलायला ठरावीक मिनिटांचं कॉलिंग कार्ड आणलं आणि फोन लावला. तिकडे एक म्हातारी बोलली. तिने विचारलं, कोण बोलतंय? आणि या गृहस्थांनी सवयीप्रमाणे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, किताब, आडनाव, पिढी असं सगळं सांगितलं, तर म्हातारी कानाने जड, तिने ते पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत कार्ड संपलं. त्यांच्याच नावाने संपवलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

दुसरं कार्ड आणून फोन केला तेव्हा ते म्हणाले, मी वाड्यावरचा, दरवाज्यातल्या नाइकाचं नाव विचारायला फोन केलाय. म्हातारी मग म्हणाली, "आमच्याकडं तर पोराटोरांना पाठ हाय. तुमीच कदी इचारलं न्हाई."

आणि तिने नाव सांगितलं. ताट परत करणारी बाई म्हणजे तीच. तेव्हा नवी सून होती.

हे सांगताना काकांची मिशी हलत होती. त्यांनी मला नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मी पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागले.

पुढच्या गुढीपाडव्याला मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दर वर्षी काकांना दहा मिनिटं मिळायची. भाड्याचा अंगरखा, पगडी, आणि सरदाराची कारकीर्द. विजापूर झालं, मोगल झाले, गुलबदनवर टाळ्या पडल्या. वेढा आला. स्टेजवर रेडिओ नव्हता. काकांनी पगडी काढून हातात घेतली, जे घडलं ते सगळं सांगितलं, ताटाचं, दगडाचं, उष्ट्याचंही, आणि नाव घेतलं.  मग मंडळाचे सेक्रेटरी धावत स्टेजवर आले आणि म्हणाले की चहा तयार आहे.

चहाच्या वेळी ते सेक्रेटरी माझ्याच शेजारी उभे राहून कुणाला तरी सांगत होते की काकांनी छान रंगवलं, पण ते जातीचं कशाला मध्ये आणायचं यार, इथे अमेरिकेत कोण जात मानतं. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्यांनी मला बिस्किट पुढे केलं.

गणपतीत मंडळाची स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, मागच्या पानावर मिठाईवाल्याची जाहिरात. काकांचं भाषण छापलं होतं, घोडीच्या चित्रासकट. गुलबदन हे नाव चौकटीत, ठळक. आणि दरवाज्यापाशी? 'एका स्वामिनिष्ठ सेवकाने प्राणांची बाजी लावली.' बस. नाव नाही, ताट नाही, दगड नाही. मी पानं उलटत गेले. शेवटी वधूवर सूचक होतं. तिथे प्रत्येक मुलामुलीची जात लिहिली होती, पोटजातीसकट. अमेरिकेत कोण जात मानतं, म्हणे! तिथे जागेची अडचण झाली नव्हती, तिथे एडिटिंग झालं नव्हतं. आजही ती स्मरणिका हाती आली की माझं डोकं फिरतं.

काकांनी सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरी म्हणाले, नावात काय आहे काका, भावना पोचली ना. हे ज्या माणसाला म्हणाले तो माणूस अर्ध्या नावाला ओ देत नव्हता.

मग काकांनी जे केलं ते पार्सिपनीत अजून चेष्टेने सांगतात. मी चेष्टेने सांगत नाही. त्यांनी काळ्या शाईचं पेन घेतलं आणि मंडळाच्या एकेका घरी जायला सुरुवात केली. ज्या माणसाने आमचं दार सोडलं तर दोनदा बोलावल्याशिवाय कुणाची पायरी चढली नव्हती, तो न बोलावता दारोदार बेल वाजवत हिंडत होता. म्हणायचे, तुमची स्मरणिका आणा, एक चूक राहिलीय, ती दुरुस्त करायची आहे. काही लोकांनी आत घेतलं, चहा दिला. काहींनी दारातूनच सांगितलं की आमची हरवली. एका बाईंनी कॉपी खराब होईल म्हणून नकार दिला. काही घरांत टीव्ही चालू होता, पण दार उघडलं नाही. एका घरी दारात आधीच दोघंतिघं पाहुणे उभे होते, तर हे त्यांच्यामागे रांगेत उभे राहिले, हे मला त्या घरच्या मुलीने सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. मला वाटलं.

आमच्याकडे ते सगळ्यांत शेवटी आले. दारातच उभे राहिले. मी या म्हटलं, ते उभेच. पुन्हा या म्हटलं, तेव्हा आत आले. सवय कुठे जाते. स्मरणिका दिली. त्यांनी चष्मा लावला, 'स्वामिनिष्ठ सेवक' या शब्दांवर रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. पेन खिशात घालताना म्हणाले की डिसेंबरात सुटी घेतलीय, गावी जातोय, ताट घेऊन. म्हातारीने या म्हटलंय का, मी विचारलं. म्हणाले, नाही म्हटलेलं. दारात उभा राहीन. ती ठरवेल.

तिने काय ठरवलं ते मला कळलं नाही. त्या हिवाळ्यात आमच्या कंपनीने कोबॉलची सगळी कामं बाहेर पाठवली, त्यात काकांची नोकरी गेली, आणि गावाहून ते थेट टेक्सासला मुलाकडे गेले. गुलबदन कुणी घेतली तेही माहीत नाही.

पण त्या दिवशी आमच्या दारातून निघताना जिन्यात थांबून ते काय म्हणाले ते पक्कं लक्षात आहे.

"बाई, तुम्ही लिहिता असं ऐकलंय. हे सगळं कधी लिहिलंत तर माझं नाव नीट, अख्खं घाला. अर्धं नको."

नाही घालणार, काका. तुमचं नाव तीनशे वर्षं घेतलं गेलंय, तुमच्या घोडीचंसुद्धा. मंडळाचे सेक्रेटरी, आजोबा, मॅनेजर, मी, या लेखात कुणालाच नाव नाही. एकाच माणसाला आहे. त्याचं नाव धोंडनाक.